कोकणातून थोड्या दिवसांसाठी परदेशात शिकायला जाताय? कागदपत्रांपासून माणसांपर्यंतची सगळी तयारी

फेब्रुवारी-मार्च आला की मला मेसेज यायला सुरुवात होते, ताई समर स्कूलला सिलेक्शन झालंय, आता पुढे काय करू. मी रत्नागिरीत शिकत असताना जर्मनीतल्या एका युनिव्हर्सिटीच्या उन्हाळी कोर्सला जाऊन आले, आणि तेव्हापासून राजापूर, देवगड, गुहागर अशा भागातल्या बऱ्याच मुलामुलींच्या फाइली लावायला बसलेय. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून ठेवते. कागदांचा भाग शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) धरून लिहिलाय, जपानला वगैरे जाणाऱ्यांनी आपापल्या देशाचे नियम बघावेत, पण पाचव्या पायरीपासून पुढचं बरंचसं कुठेही गेलात तरी उपयोगी पडेल.

एक गोष्ट आधीच सांगते. नुसतं विमानात बसून गेलं म्हणून कोणी काही शिकत नाही. तीन-चार आठवडे राहून, ढीगभर फोटो काढून, तिथल्या एकाही माणसाशी धड ओळख न करता परत आलेली हुशार मुलं मी बघितली आहेत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण घरच्यांनी त्यासाठी केवढी ओढाताण केलेली असते. वेगळ्या रीतीत वाढलेल्या माणसासोबत राहता येणं, काम करता येणं, खटका उडाला तर तो मिटवता येणं, यालाच अभ्यासाच्या भाषेत आंतरसांस्कृतिक क्षमता म्हणतात आणि ती सवयीने येते. ती सवय कशी लावायची यासाठीच हा लेख, कागदपत्रं हा त्यातला सोपा भाग.

१. प्रोग्रॅम निवडताना

डाड (DAAD) ही जर्मनीची संस्था तिथल्या युनिव्हर्सिट्यांच्या उन्हाळी भाषा कोर्ससाठी स्कॉलरशिप देते, त्याला जर्मन आधी शिकलेलं असावं लागतं. युरोपच्या इरॅस्मस प्लस या योजनेत छोटे मिश्र कोर्स असतात, ५ ते ३० दिवस प्रत्यक्ष जायचं आणि थोडा भाग ऑनलाइन, पण त्यासाठी तुमच्या कॉलेजचा तिकडच्या युनिव्हर्सिटीशी संबंध असावा लागतो. जपानच्या साकुरा सायन्स या योजनेत आपण एकट्याने अर्ज करायचा नसतो, तिथली संस्था बोलावते, म्हणून आपल्या सरांच्या ओळखी कुठे आहेत ते विचारा. याशिवाय बऱ्याच युनिव्हर्सिट्या स्वतःची समर स्कूल चालवतात, फी भरून जायचं.

कुठलाही निवडा, पण आयोजकांना मेल करून हे विचाराच: वर्गात कुठकुठल्या देशांची मुलं असतात? राहायचं कुठे, तिथल्या विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलला की आपल्या ग्रुपलाच हॉटेलात? रोजच्या अनुभवावर बोलायला कोणी शिक्षक, काही ठरलेला तास आहे का? मार्कशीट आणि क्रेडिट मिळणार का, आणि आपलं कॉलेज ते धरणार का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कॉलेजकडून जाण्याआधी लेखी घ्या, तोंडी "बघू नंतर" वर जाऊ नका.

सावध: "स्टडी टूर" नावाने पॅकेज विकणारे एजंट असतात. चाळीस आपलीच मुलं, आपलाच कुक, बसमधून सात शहरं आणि शेवटी सर्टिफिकेट. सहल म्हणून जायचं तर खुशाल जा, पण शिकण्यासाठी घरचे पैसे घालणार असाल तर त्यात काही नाही.

२. पासपोर्ट आजच काढायला घ्या

सिलेक्शनची वाट बघू नका. पासपोर्ट सेवा वेबसाइटवर अर्ज, ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये, आता पोस्टातही सेवा केंद्रं झालीत त्यामुळे प्रत्येक वेळी मुंबई गाठावी लागत नाही, तुमच्या जवळचं कुठलं ते अर्ज करतानाच दिसतं.

आपल्याकडे घोळ होतो तो नावात. आधारवर एक स्पेलिंग, दहावीच्या सर्टिफिकेटवर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव वेगळ्याच पद्धतीने. आधी हे सगळं एकसारखं करून घ्या, मग अर्ज करा. आणि गावचा पत्ता देऊन तुम्ही हॉस्टेलला राहत असाल तर पोलीस व्हेरिफिकेशनला घरी सापडत नाही आणि फाइल अडकते, तेव्हा अर्ज करतानाच ठरवा कुठला पत्ता द्यायचा. हॉस्टेलचा दिलात तर कॉलेजचं बोनाफाईड लागेल.

३. पैशाचे कागद, आणि आंब्याचं उत्पन्न कसं दाखवायचं

नोकरदार घरांचं सोपं असतं, सॅलरी स्लिप आणि इन्कम टॅक्स रिटर्न जोडलं की झालं. बागायतदाराच्या घरी काय? शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नाही म्हणून रिटर्न भरलेलं नसतं, आणि पैसा वर्षातून एकदाच येतो. त्यातून उन्हाळी कोर्स जुलै-ऑगस्टचे, म्हणजे व्हिसाची फाइल नेमकी एप्रिल-मेमध्ये लावायची, जेव्हा घरात पेट्या भरायची गडबड असते आणि वाशीच्या दलालाचा हिशोब अजून व्हायचा असतो. बँकेचं मागच्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट काढलंत तर त्यात खर्चच खर्च दिसतो!

यावर उपाय असा की तीन महिन्यांच्या स्टेटमेंटसोबत पूर्ण वर्षाचंही जोडायचं म्हणजे मागच्या सीझनची रक्कम दिसते, शिवाय दलालाकडच्या मागच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशोबाच्या पावत्या), डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आणि वडिलांचं किंवा आईचं एक पानी पत्र की आमचं उत्पन्न हापूसच्या बागेचं आहे, ते अमुक महिन्यांत येतं, मुलीचा खर्च आम्ही करतोय. सातबारा मराठीत असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर करून लावा, तिकडच्या अधिकाऱ्याला सातबारा काय हे कुठून कळणार. हे साधं पत्र नसल्यामुळे अडलेल्या फाइली मी बघितल्यात म्हणून एवढं खोलात सांगतेय.

सावध: फाइल लावायच्या आठवडाभर आधी काकांकडून चार लाख घेऊन खात्यात टाकायचे आणि नंतर परत करायचे, असं अजिबात करू नका. एकदम आलेली मोठी रक्कम लगेच डोळ्यात येते. काका खरंच मदत करतायत तर त्यांचंच स्पॉन्सर पत्र आणि त्यांचं स्टेटमेंट लावा.

४. व्हिसा

शेंगेन व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येतं, त्यामुळे छोट्या कोर्सला तो पुरतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निकाल साधारण १५ दिवसांत येतो पण ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो, म्हणून दोन महिने हातात ठेवा.

लागणारी कागदपत्रं:
- पासपोर्ट (१० वर्षांच्या आत काढलेला, परत यायच्या तारखेनंतर निदान ३ महिने चालणारा, २ कोरी पानं)
- भरलेला फॉर्म आणि ३५ बाय ४५ मिमीचे फोटो
- युनिव्हर्सिटीचं प्रवेशपत्र आणि राहण्याच्या सोयीचं पत्र
- आपल्या कॉलेजचं बोनाफाईड आणि परत येऊन शिक्षण चालू ठेवणार असल्याचं पत्र
- जाण्यायेण्याचं तिकीट बुकिंग
- निदान ३०,००० युरो कव्हरचा ट्रॅव्हल इन्शुरन्स, पूर्ण मुक्कामाचा
- वर सांगितलेले पैशाचे कागद

फी ९० युरो आहे पण अभ्यासासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना शेंगेनच्या नियमात ती माफ आहे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, व्हिसा केंद्रावर स्पष्ट विचारा. केंद्राचा सर्व्हिस चार्ज मात्र पडतो.

बोटांचे ठसे द्यायला बहुतेकांना मुंबईला जावं लागणार. सकाळची लवकरची अपॉइंटमेंट घेऊन रात्रीच्या गाडीने निघायचा बेत करू नका, एक दिवस आधी जाऊन कोणाकडे तरी राहा. जूनच्या मध्यानंतर तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं, गाड्या हळू चालतात, घाटात दरड आली की हायवेचाही भरवसा नाही. विमान जुलैमधलं असेल तर त्यालाही हाच नियम.

५. जायच्या आधी, घरच्या घरी सराव

ही पायरी लोक सोडून देतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. दार्ला डिअरडॉर्फ या अभ्यासक बाईंनी २००६ मध्ये या क्षमतेचं जे मॉडेल मांडलं त्यात सुरुवात आदर, मोकळेपणा आणि कुतूहल यांपासून होते, माहिती आणि कौशल्यं त्यानंतर. आता आदर आणि कुतूहल फ्रँकफर्टच्या विमानतळावर उतरून एकदम कसं येईल? ते इथेच घासायला हवं, आणि आपल्या किनारपट्टीसारखी जागा त्यासाठी शोधून सापडायची नाही.

आपल्या बागेत राखणीला असलेला नेपाळी माणूस घ्या. हंगामाचे सगळे महिने तो रात्र-रात्र कलमांमध्ये काढतो, माकडं हाकलतो, आणि बहुतेक घरांत त्याला नुसतं "गुरखा" म्हणतात. त्याच्याजवळ एक संध्याकाळ बसा. त्याचं नाव, त्याच्या गावाचं नाव, घरी कोण कोण, आपल्याकडची कुठली गोष्ट त्याला पहिल्यांदा विचित्र वाटली, एवढंच विचारा आणि मग ऐका, मध्ये आपलं काही सांगू नका. आमच्या शेजारच्या बागेतल्या दाजूंनी (नेपाळीत दाजू म्हणजे मोठा भाऊ) मला सांगितलं की इथे सगळे एकाच दमात "जेवलास का" विचारतात आणि उत्तर ऐकायला थांबत नाहीत, पहिल्या वर्षी त्यांना वाटायचं आता बोलावतील. मी लहानपणापासून हजारदा ऐकलेलं वाक्य, त्या दिवशी पहिल्यांदा बाहेरून ऐकलं. परदेशात तुम्ही त्या दाजूंच्या जागी असणार आहात.

अजून सुचवते. रायगडात असाल तर रेवदंड्याजवळ कोर्लईला जा, तिथल्या ख्रिस्ती वाडीत पोर्तुगीजमधून तयार झालेली स्वतःची बोली अजून घराघरात बोलतात. अलिबाग-रेवदंडा पट्ट्यात बेने इस्राएल ज्यू शतकानुशतकं राहिले, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत, आणि त्यांच्या सुट्टीप्रमाणे गावाने आपलं तेल आणायचं बघितलं. जर्मनीत रविवारी सगळी दुकानं बंद बघून आपली मुलं वैतागतात तेव्हा मी त्यांना हेच सांगते. आणि रत्नागिरी-चिपळूण भागातल्या मुस्लिम मोहल्ल्यांमध्ये घराघरात कोणीतरी कुवेत-सौदी करून आलेलं असतं. परक्या देशात पहिला महिना कसा काढायचा, एकटेपणाचं काय करायचं, हे त्या चाचांएवढं कोणी सांगणार नाही. फुकट मिळणारं शहाणपण आहे, जाऊन विचारा.

६. बॅग भरताना

हापूस नेऊ नका. ऐकायला वाईट वाटेल पण युरोपात ताजी फळं नेताना रोगमुक्तीचं सरकारी सर्टिफिकेट लागतं, सूट फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन यांना. दुधाचे आणि मांसाचे पदार्थही चालत नाहीत, म्हणजे पेढे, तूप, खवा घरीच. सुकं खोबरं विमानात नेऊ देत नाहीत, तेलामुळे पेट घेण्याचा धोका धरतात, त्यामुळे आजीने दिलेली वाटी विमानतळावर टाकून द्यावी लागते. भेट म्हणून भाजलेले काजूगर किंवा फणसाचे तळलेले गरे न्या, आणि जोडीला घराचे, बागेचे, जेटीचे चार छापील फोटो. फोटो टेबलावर ठेवले की गप्पा आपोआप सुरू होतात.

७. तीन रकान्यांची वही

तिथे पोचलात की रोज रात्री दहा मिनिटं. पानावर तीन रकाने पाडा: काय दिसलं, त्याचे काय काय अर्थ निघतील, मला काय वाटलं. ही जुनी, शिक्षकांची वापरात असलेली रीत आहे, वर्णन-अर्थ-मत. अट एवढीच की पहिल्या रकान्यात फक्त कॅमेऱ्यात दिसेल तेवढंच लिहायचं आणि दुसऱ्यात निदान दोन अर्थ.

उदाहरण देते. आमच्या हॉस्टेलच्या किचनमध्ये एका सकाळी फ्रिजवर चिठ्ठी: "कृपया तवा वापरल्यावर रात्रीच धुऊन ठेवा", खाली सही. आमच्यातली सावंतवाडीची एक मैत्रीण जाम दुखावली, म्हणाली तोंडावर बोलायचं ना, आम्ही काय नोकर आहोत का, आणि दोन दिवस त्या मुलीशी बोलली नाही. रात्री आम्ही वही काढली. पहिल्या रकान्यात काय? एक चिठ्ठी, एक वाक्य, "कृपया" शब्द, सही. "अपमान" कुठेच नाही, तो आपण तिसऱ्या रकान्यातून उचलून पहिल्यात टाकला होता. दुसऱ्या रकान्यात लिहिलं: एक, ती चिडलीय. दोन, सगळ्यांदेखत बोलून कोणाला ओशाळं करायचं नाही म्हणून लिहिलं असेल. तीन, तिला सकाळी तवा लागत असेल. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीने जाऊन विचारलं. ती मुलगी बेकरीत पार्ट टाइम करायची, पहाटे चारला निघायची, त्याआधी अंडं करून खायची आणि तवा खरकटा असायचा. बस, एवढंच. पुढच्या रविवारी दोघींनी मिळून घावणे केले, त्याच तव्यावर.

विचारताना "तुम्ही लोक असं का करता" असं विचारू नका, "मी असं बघितलं, मला नीट कळलं नाही, सांगशील का" असं विचारा. फरक पडतो.

८. रोजच्या वागण्यातल्या काही गोष्टी (जर्मनीपुरत्या)

कचरा वेगळा करणं तिथे फार मनावर घेतात, कागद, पॅकिंग, ओला, काच सगळं वेगवेगळं, पहिल्याच दिवशी कोणाला तरी बरोबर घेऊन डबे समजून घ्या. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट डिपॉझिट असतं, दुकानातल्या मशीनला परत दिलं की मिळतं. रात्री दहानंतर शांतता, मोठ्याने व्हिडिओ कॉल नको, आणि आपल्या घरी फोन लावताना वेळेचा फरक धरा. नळाचं पाणी पितात. इमर्जन्सी नंबर ११२.

जेवायला विचारलं आणि भूक आहे तर पहिल्यांदाच हो म्हणा. आपल्याकडे दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्या आग्रहाला वाढून घ्यायचं अशी रीत, तिथे "नको" म्हटलं की ताट उचललं जातं, त्यांच्या दृष्टीने तोच तुमच्या शब्दाचा मान.

वर्गात प्रोफेसरांच्या मताविरुद्ध बोललात तर उद्धट ठरत नाही, गप्प बसलात तर मात्र तयारी नाही असं धरतात. मला हे जड गेलं नाही पण बऱ्याच जणांना जातं, त्यांनी रोज एक प्रश्न आदल्या रात्रीच लिहून न्यावा. मार्कांचंही उलटं आहे, १ सगळ्यात चांगला आणि ४ म्हणजे जेमतेम पास, घरी फोनवर सांगताना हे समजावून सांगा नाहीतर "१.३ मिळाले" ऐकून आई घाबरेल.

९. आपलीच टोळी आणि मधला खचणारा आठवडा

भारतीय मुलं भेटली की बरं वाटतं आणि वाटायलाच हवं, पण सकाळ-दुपार-रात्र त्यांच्यातच राहिलात तर कोर्स तिथेच संपला. आम्ही ठरवलेलं, रात्रीचं जेवण आपल्यात, दुपारचं नाही.

मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९६० मध्ये कल्चर शॉकवर लिहिलं, त्यात आधी सगळं छान वाटणं, मग खचणं, मग सावरणं असा क्रम आहे. छोट्या कोर्सची खरी अडचण ही की खचायची वेळ येते तोवर परतीचं तिकीट आलेलं असतं, सावरायला सवडच नाही. म्हणून मुलं एकतर "तिकडे सगळं भारी" म्हणत येतात नाहीतर "माणुसकी नाही तिकडे" म्हणत. असं मन उतरलं की खोलीत बसून राहू नका, त्या आठवड्यात एक नेमाची गोष्ट धरा, त्याच बेकरीत, त्याच वेळी, त्याच काकूंकडून पाव घ्यायचा, चौथ्या दिवशी त्या हसतातच.

आणि एक गोड सापळा. मिल्टन बेनेट या अभ्यासकांनी १९८६ मध्ये या प्रवासाच्या सहा पायऱ्या मांडल्या, फरक नाकारण्यापासून ते तो अंगवळणी पडण्यापर्यंत. तिसरी पायरी आहे फरक किरकोळ मानण्याची, "शेवटी माणसं सगळीकडे सारखीच". ऐकायला किती छान! पण तिथे थांबलात तर समोरच्याचं वेगळेपण बघायचंच राहतं, आणि "सारखी" म्हणताना आपण बहुतेक वेळा आपल्यासारखी असंच धरलेलं असतं.

१०. आपल्याबद्दल प्रश्न येतील

जात, हुंडा, ठरवून केलेली लग्नं, गाय, गरिबी. चिडू नका आणि सारवासारवही करू नका. अख्ख्या भारताचा वकील व्हायची गरज नाही, "आमच्या वाडीत असं आहे, दुसरीकडे वेगळं असेल" म्हणून खरं ते सांगा. जातीबद्दल मी सरळ सांगितलं की आमच्या गावात वाड्या अजून जातीप्रमाणे आहेत आणि हे बदलायला हवं. त्यावर एका पोलिश मुलाने त्याच्या गावातल्या गोष्टी सांगायला सुरुवात केली, जेवणाची सुट्टी संपली तरी आम्ही बोलतच होतो.

११. परत येताना आणि आल्यावर

निघायच्या आधी ट्रान्सक्रिप्ट, हजेरीचं पत्र आणि कोर्सचा सविस्तर आराखडा सहीशिक्क्याचा घ्या, इथून मेलवर मागवायला महिने जातात. कॉलेजात क्रेडिटचा अर्ज पहिल्या पंधरवड्यातच द्या.

घरी आल्यावर "इथे काय शिस्तच नाही" असं सारखं तोंडात येईल. तेही तीन रकान्यांत लिहा, आता कोकणाबद्दल. तिथे ओळख झालेल्यांना आठवड्याच्या आत एकदा लिहा, नंतर राहून जातं. कॉलेजात तासभर बोलायची परवानगी मागा आणि इमारतींचे फोटो दाखवण्यापेक्षा वहीतली चार पानं वाचून दाखवा. आणि तुमची व्हिसाची फाइल, पट्ट्या-सातबाऱ्याचं भाषांतर आणि आईवडिलांच्या पत्राच्या नमुन्यासकट, तालुक्यातल्या पुढच्या मुलाला द्या, फक्त पासपोर्ट नंबर आणि बँकेचे आकडे खोडून.